वारंवार न्यूमोनिया, तेलकट शौच, न वाढणारे वजन: मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे का, हे कसे तपासावे?

समजा, तुमचे मूल दीड वर्षाचे आहे. दर महिन्याला छाती भरते, अँटिबायोटिक दिले की आठ-दहा दिवस बरे वाटते आणि पुन्हा खोकला सुरू होतो. भूक चांगली आहे, कधीकधी तर जास्तच आहे, पण अंगणवाडीतल्या काट्यावर वजन हलत नाही. शौच तेलकट होते आणि त्याला उग्र वास येतो. खोकल्यासाठी एक डॉक्टर झाले, जुलाबासाठी दुसरे झाले, वजनासाठी टॉनिक झाले. घरात तीन तक्रारींच्या तीन चिठ्ठ्या असतात, पण त्या तिन्ही एकाच टेबलावर कधी ठेवल्या जात नाहीत.

या तिन्ही तक्रारी एकाच मुलात असतील, तर त्यांचे कारणही एकच असू शकते. त्यातले एक कारण म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस. आजार दुर्मीळ आहे आणि वारंवार खोकणाऱ्या बहुतेक मुलांना तो नसतो. पण ज्यांना असतो, त्यांचे निदान आपल्याकडे फार उशिरा होते आणि तोपर्यंत फुप्फुसांचे कायमचे नुकसान झालेले असते. आर्वीसारख्या तालुक्याच्या गावात एमबीबीएस डॉक्टरच्या दवाखान्यात या आजाराचे निदान होत नाही, पण संशय घेण्याचे काम तिथेच व्हायला हवे. त्यानंतर कुठे जायचे, कोणती चाचणी मागायची आणि अहवाल कसा समजून घ्यायचा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- छाती, शौच आणि वजन या तिन्ही तक्रारी एकत्र असतील, तर डॉक्टरांना सिस्टिक फायब्रोसिसबद्दल स्पष्ट विचारा.
- निदानाची मुख्य चाचणी घामाची आहे. त्यात सुई टोचत नाहीत.
- घामातील क्लोराइड ६० किंवा त्याहून जास्त आले, तर आजाराची शक्यता खूप जास्त असते. एकाच अहवालावर मात्र थांबू नये.
- कुपोषण किंवा अंगावरची सूज यांमुळे चाचणी चुकू शकते.
- उन्हाळ्यात असे मूल गळून गेले, उलट्या करू लागले, तर चाचणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

हा आजार नेमका काय आहे?

आपल्या शरीरात सीएफटीआर नावाचे एक प्रथिन असते. पेशींच्या पडद्यातून क्लोराइडची, म्हणजे मिठाच्या एका घटकाची, ये-जा करू देणारे ते दार आहे असे समजा. हे प्रथिन बनवण्याची सूचना गुणसूत्र क्रमांक ७ वरच्या एका जनुकात असते. हे जनुक १९८९ मध्ये शोधले गेले. त्याच्या दोन्ही प्रतींमध्ये दोष असेल, तर दार नीट उघडत नाही. मग शरीरात तीन ठिकाणी त्याचा परिणाम ठळकपणे दिसतो.

- फुप्फुसे: श्वासनलिकांतला कफ घट्ट आणि चिकट होतो. तो बाहेर पडत नाही, त्यात जंतू वाढतात आणि वारंवार न्यूमोनिया होतो.
- स्वादुपिंड: पाचक रस वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात. खाल्लेले तेल-तूप पचत नाही, ते शौचावाटे निघून जाते. मूल भरपूर खाऊनही वाळत जाते.
- घामाच्या ग्रंथी: घाम त्वचेवर येण्याआधी शरीर त्यातले मीठ परत शोषून घेते. या मुलांत ते होत नाही, म्हणून घाम फार खारट असतो.

हा आजार फक्त गोऱ्या लोकांना होतो, असा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता. तो चुकीचा आहे. भारतीय मुलांमधल्या आजाराच्या नोंदी १९६८ पासून आपल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भारतात असे नक्की किती रुग्ण आहेत याची देशव्यापी मोजणी झालेली नाही. जिथे तपासले गेले, तिथे ते सापडत गेले.

कोणती लक्षणे दिसली तर शंका घ्यावी?

लक्षणे वयानुसार बदलतात.

*जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत:* बाळाने पहिली काळी शी वेळेत न करणे, पोट फुगणे, हिरवट उलटी होणे. घट्ट झालेल्या काळ्या शीमुळे आतडे बंद पडते आणि कधी ऑपरेशन करावे लागते. अशा प्रकारे आतडे बंद पडून ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाळाची पुढे सिस्टिक फायब्रोसिससाठी तपासणी व्हायला हवी.

*पहिल्या एक-दोन वर्षांत:*

- पुन्हा पुन्हा न्यूमोनिया किंवा महिनोन्महिने न जाणारा खोकला
- तेलकट, चिकट, उग्र वासाचे आणि प्रमाणाने जास्त शौच, जे पाणी ओतले तरी भांड्याला चिकटून राहते
- भूक चांगली असूनही वजन न वाढणे
- हातापायांवर सूज आणि रक्त कमी असणे
- शौचाच्या वेळी गुदद्वाराचा आतला भाग बाहेर येणे
- उन्हाळ्यात वारंवार शरीरातले मीठ-पाणी कमी होणे

*मोठ्या मुलांत:* रोज सकाळी घट्ट, पिवळा-हिरवा कफ पडणे, नाकात मांस वाढणे, सायनसचा त्रास, बोटांची टोके फुगून नखे गोलसर होणे, वारंवार पोटदुखी.

आणखी एक प्रश्न मी आईला नेहमी विचारावा असे मला वाटते: बाळाचा मुका घेतला की खारट लागते का? वाळलेल्या घामाचे पांढरे डाग कपाळावर किंवा टोपीवर दिसतात का? उत्तर "हो" आले तर शंका वाढते. पण विदर्भात मे महिन्यात सगळ्यांचाच घाम खारट लागतो. म्हणून चवीवरून निदान करायचे नाही आणि चवीवरून आजार नाही असेही म्हणायचे नाही. मीठ मोजावेच लागते.

याशिवाय घरात आधीचे एखादे मूल अशाच छातीच्या किंवा जुलाबाच्या त्रासाने दगावले असेल, किंवा आई-वडील नात्यातले असतील, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. बऱ्याचदा ही गोष्ट कोणी विचारत नाही आणि घरचेही सांगत नाहीत.

निदानाला उशीर का होतो?

कारण ही सगळी लक्षणे आपल्याकडच्या नेहमीच्या आजारांसारखीच दिसतात. खोकला आणि वजन घटणे म्हटले की आधी क्षयरोग आठवतो, आणि ते योग्यच आहे. घरघर म्हटले की बालदमा. पातळ शौच म्हटले की जंत किंवा दूषित पाणी. वाळलेले मूल म्हटले की कुपोषण. प्रत्येक वेळी दिलेले उत्तर शक्य असते, म्हणून कोणी पुढे पाहत नाही.

पुढे पाहायची वेळ कधी आली, हे ओळखण्याच्या काही खुणा:

- बेडक्याच्या किंवा पोटातल्या द्रवाच्या तपासणीत क्षयरोगाचे जंतू सापडले नाहीत, तरी उपचार सुरू केले आणि पूर्ण करूनही खोकला तसाच आहे.
- पंप आणि नेब्युलायझर नियमित देऊनही दमा आटोक्यात येत नाही आणि सोबत वजनही वाढत नाही.
- पोषण पुनर्वसन केंद्रात राहून, पुरेसा आहार घेऊनही मूल अपेक्षेप्रमाणे वाढत नाही.
- बेडक्याच्या किंवा घशाच्या नमुन्यात स्यूडोमोनास हा जंतू वारंवार सापडतो. निरोगी लहान मुलांच्या छातीत तो सहसा घर करत नाही.

एक सूचना महत्त्वाची आहे. मुलाला क्षयरोगाची औषधे सुरू असतील, तर हा लेख वाचून ती बंद करू नका. दोन्ही आजार एकाच मुलात असू शकतात. चालू उपचार सुरू ठेवूनच पुढची तपासणी करता येते.

तसेच अशीच लक्षणे देणारे इतर आजारही आहेत: गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिॲक आजार, प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष, श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा किंवा हरभऱ्याचा दाणा. म्हणून "मला फक्त घामाची चाचणी लिहून द्या" असे म्हणण्यापेक्षा "या तीन तक्रारी एकत्र का आहेत, ते शोधायचे आहे" असे म्हणा.

आर्वीतून सुरुवात कशी करावी?

१. आधी एक फाईल तयार करा. आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, एक्स-रे, रक्ताचे अहवाल आणि माता-बाल संरक्षण कार्ड एकत्र ठेवा. कार्डावरचा वजनाचा आलेख शंभर प्रश्नांचे उत्तर देतो, म्हणून अंगणवाडी सेविकेकडून सगळ्या महिन्यांची वजने भरून घ्या. एका कोऱ्या कागदावर लिहा: किती वेळा न्यूमोनिया झाला, किती वेळा भरती केले, दिवसातून किती वेळा शौचाला होते, कशी होते. शौचाचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवायला लाजू नका.

२. आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ही फाईल दाखवा. छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, रक्तातली प्रथिने, शौचाची साधी तपासणी आणि क्षयरोगाची तपासणी यांसाठी लगेच मोठ्या शहरात जायची गरज नसते. जे इथे होते, ते इथेच करून घ्या.

३. संदर्भ चिठ्ठी मागून घ्या. चिठ्ठीवर "वारंवार छातीचा संसर्ग, तेलकट शौच, वाढ खुंटलेली, सिस्टिक फायब्रोसिसची शक्यता तपासावी" एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. नुसते "पुढील उपचारासाठी" असे लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलात, तर पुढच्या ठिकाणी सगळे पहिल्यापासून सुरू होते.

४. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मदत घ्या. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या या केंद्रीय कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करायला येते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. पथकाच्या डॉक्टरांना फाईल दाखवा. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची सोय त्यांच्यामार्फत होऊ शकते.

५. बालरोगतज्ज्ञ गाठा. वर्धा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत: सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, जिचे कस्तुरबा रुग्णालय सगळ्यांना माहीत आहे, आणि सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. दोन्हीकडे बालरोग विभाग आहे. नागपुरात एम्स, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आहेत. तुमचे डॉक्टर यापैकी जिथे सांगतील, तिथल्या बालरोग विभागात आधी दाखवा.

घामाची चाचणी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात होत नाही. ती करायला खास साधन आणि सराव असलेला तंत्रज्ञ लागतो. दिल्लीच्या एम्समध्ये आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये या आजाराचे काम बऱ्याच वर्षांपासून चालते. जवळपास सोय आहे का, हे बालरोग विभागातून कळते. पण एसटीत बसण्यापूर्वी फोन करून एवढे विचाराच:

- तुम्ही घामातले क्लोराइड मोजता की फक्त कंडक्टिव्हिटी?
- चाचणी कोणत्या दिवशी होते? आधी नोंदणी लागते का?
- माझ्या मुलाचे वय आणि वजन एवढे आहे, चालेल का?
- नमुना कमी पडला, तर पुन्हा कधी करता आणि पुन्हा पैसे लागतात का?

घामाची चाचणी कशी होते?

या चाचणीचा इतिहास उन्हाळ्याशी जोडलेला आहे. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये अमेरिकेत या आजाराचे सविस्तर वर्णन केले. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने कोसळून रुग्णालयात आलेल्या बालकांमध्ये या आजाराची मुले बरीच असल्याचे तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले. त्यातून पॉल डी सांत'आग्नेझे यांनी १९५३ मध्ये या मुलांच्या घामात जास्त मीठ असते हे दाखवले. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी घाम गोळा करण्याची सुरक्षित पद्धत दिली. आजही मूळ पद्धत तीच आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी आपल्या परिस्थितीत, कमी खर्चात करता येईल अशी देशी पद्धत तयार करून २००२ मध्ये प्रसिद्ध केली.

चाचणीत काय करतात, ते असे:

१. मुलाच्या कोपराखालच्या हाताची आतली बाजू स्वच्छ पुसतात.
२. तिथे पिलोकार्पिन या औषधाचे पॅड बांधून सुमारे पाच मिनिटे अगदी सौम्य विद्युतप्रवाह देतात. थोडी चुणचुण होते. औषधामुळे तेवढ्याच जागी घाम सुटतो.
३. पॅड काढून त्या जागी गाळणकागद किंवा बारीक नळी असलेली चकती बांधतात आणि अर्धा तास घाम गोळा करतात.
४. तो घाम प्रयोगशाळेत नेऊन त्यातले क्लोराइड मोजतात.

सुई नाही, भूल नाही, उपाशी ठेवणे नाही. जागा काही तास लाल राहू शकते. उन्हात बसवून पुसलेला किंवा घरून डबीत आणलेला घाम या चाचणीला चालत नाही.

जाण्यापूर्वी:

- मुलाला नेहमीप्रमाणे दूध, पाणी, जेवण द्या. पाणी कमी पडलेल्या मुलाला घाम येत नाही.
- त्या दिवशी हातांना तेल, क्रीम, पावडर लावू नका.
- हातावर खरूज, इसब किंवा जखम असेल, तर आधी सांगा.
- मूल तापाने किंवा जुलाबाने आजारी असेल, तर तारीख पुढे ढकला.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावे सोबत न्या.

बाळ साधारण दोन आठवड्यांचे आणि दोन किलोपेक्षा जास्त वजनाचे असेल, तर चाचणी नीट होऊ शकते. अगदी लहान बाळांत पुरेसा घाम मिळत नाही आणि "नमुना अपुरा" असा अहवाल येतो. त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. चाचणी झालीच नाही, असा होतो. ती पुन्हा करावी लागते.

अहवालातला आकडा कसा समजावा?

आकडा मिलिमोल प्रति लिटर या एककात असतो.

- ३० पेक्षा कमी: आजाराची शक्यता कमी.
- ३० ते ५९: मधला पट्टा. या आकड्यावरून होही म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. चाचणी पुन्हा करायची आणि जनुकीय तपासणी करायची.
- ६० किंवा जास्त: लक्षणे जुळत असतील तर सिस्टिक फायब्रोसिसच्या बाजूने भक्कम पुरावा. वेगळ्या दिवशी चाचणी पुन्हा करून किंवा जनुकीय तपासणीने खात्री करतात.

काही ठिकाणी क्लोराइडऐवजी कंडक्टिव्हिटी, म्हणजे घामाची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजतात. ती प्राथमिक चाळणी म्हणून उपयोगी आहे. पण तिचे आकडे वेगळे असतात आणि वरच्या तक्त्याला लावता येत नाहीत. कंडक्टिव्हिटी जास्त आली, तर क्लोराइड मोजूनच निदान पक्के करावे.

चाचणी कधी फसू शकते?

आपल्या भागातल्या पालकांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा.

- तीव्र कुपोषण: आजार नसतानाही घामातले क्लोराइड वाढू शकते. अशा मुलाचे पोषण सुधारल्यावर चाचणी पुन्हा करावी लागते.
- अंगावर सूज, रक्तातली प्रथिने कमी: आजार असूनही आकडा खोटा कमी येऊ शकतो. सूज उतरल्यावर पुन्हा तपासावे.
- थायरॉइड किंवा ॲड्रिनल ग्रंथींचे उपचार न झालेले काही आजार: यांतही आकडा वाढतो.
- गोळा करण्यातली चूक: घाम कमी जमला किंवा बाष्प होऊन उडाला, तर आकडा विश्वासार्ह राहत नाही.

म्हणून एक अहवाल "नॉर्मल" आला आणि मूल मात्र तसेच वाळत, खोकत राहिले, तर फाईल बंद करू नका. डॉक्टरांना विचारा: चाचणीच्या वेळी मुलाला सूज होती का, नमुना पुरेसा होता का, पुन्हा करायला हवी का?

जनुकीय तपासणी कधी आणि कशासाठी?

यासाठी मुलाचे थोडेसे रक्त घेतात आणि ते मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. अहवालाला काही आठवडे लागतात. रक्त पाठवता येते, त्यामुळे घामाची चाचणी फार दूर असेल तिथे डॉक्टर कधी ही तपासणी आधीही सुचवतात.

सीएफटीआर जनुकात दोन हजारांहून जास्त बदल नोंदले गेले आहेत. त्यातले सगळेच आजार निर्माण करत नाहीत. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या बदलाला एफ-५०८-डेल म्हणतात. युरोपीय वंशाच्या बहुतेक रुग्णांत तो असतो. भारतीय रुग्णांत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे आणि इतर, कमी परिचित बदल जास्त दिसतात. म्हणून केवळ ठराविक दहा-वीस बदल शोधणारी तपासणी केली, तर भारतीय मुलाचा दोष निसटू शकतो. पैसे भरण्यापूर्वी विचारा: "संपूर्ण सीएफटीआर जनुक वाचणार का?"

अहवाल तीन प्रकारचा येऊ शकतो. दोन्ही प्रतींत आजार देणारे बदल सापडले, तर निदान पक्के. एकाच प्रतीत सापडला, तर मूल फक्त वाहक असू शकते किंवा दुसरा बदल निसटलेला असू शकतो. "अर्थ अनिश्चित" असा बदल आला, तर घामाचा आकडा आणि लक्षणे पाहून तज्ज्ञ ठरवतात. हा कागद इंटरनेटवर शोधत बसण्यापेक्षा जनुकतज्ज्ञांकडून समजून घ्या.

सोबतच्या इतर तपासण्या

- शौचातील इलॅस्टेज: स्वादुपिंडाचा पाचक रस आतड्यात पोहोचतो का, हे कळते. एका ग्रॅम शौचात २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले, तर रस कमी पडतो आहे. फार पातळ शौचात मात्र हा आकडा खोटा कमी येतो.
- बेडक्याचा किंवा घशाच्या स्वॅबचा कल्चर: कोणते जंतू आहेत आणि कोणते औषध लागू पडेल, हे कळते.
- छातीचा एक्स-रे, गरज पडल्यास सीटी स्कॅन.
- रक्तातले सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, यकृताच्या तपासण्या.

परदेशांत नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्तावरून या आजाराची चाळणी होते. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत ती सरसकट होत नाही. त्यामुळे "जन्माच्या वेळी सगळे ठीक होते" यावरून हा आजार नाही असे समजू नका.

उन्हाळ्यात वाट पाहू नका

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सिस्टिक फायब्रोसिस असलेले बाळ अशा उन्हात घामावाटे इतके मीठ गमावते की जुलाब नसतानाही कोसळू शकते. रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड घटतात आणि रक्त अल्कलीयुक्त होते. गरम प्रदेशांत काही मुलांत हेच या आजाराचे पहिले लक्षण असते.

ओळखायचे कसे? बाळ सुस्त होते, दूध ओढत नाही, उलट्या करते, डोळे खोल जातात, लघवी कमी होते. अशा वेळी नुसते पाणी किंवा साखरपाणी देत राहिल्याने मीठ आणखी पातळ होते. ओआरएस द्या आणि लगेच रुग्णालय गाठा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. तिथे डॉक्टरांना सांगा: "याला जुलाब नाहीत, तरी असे होते. दुसऱ्यांदा होत आहे. रक्तातले क्षार तपासा." जुलाबाशिवाय वारंवार असे होणे, ही घामाची चाचणी करण्यासाठी स्वतंत्र आणि पुरेशी खूण आहे.

निदान होण्याआधी आपल्या मनाने रोज जादा मीठ देऊ नका. निदान झाल्यावर वय, वजन आणि ऋतू पाहून मिठाचे प्रमाण डॉक्टर ठरवतात.

निदान झाले तर पुढे काय?

ऐकताना पायाखालची जमीन सरकते, हे खरे आहे. आजार मुळापासून बरा होत नाही, हेही खरे आहे. पण नाव कळल्यावर उपचार बदलतात. जेवणासोबत पाचक रसाच्या कॅप्सूल सुरू झाल्या की शौच सुधारते आणि वजन वाढू लागते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे, वेगळे मीठ, रोजची छातीची फिजिओथेरपी, खारट पाण्याचे नेब्युलायझेशन आणि जंतू पाहून दिलेली अँटिबायोटिक यांनी फुप्फुसे जपता येतात. ज्या देशांत निदान लवकर होते, तिथे ही मुले मोठी होऊन नोकरी-संसार करत आहेत. सीएफटीआर प्रथिनावरच काम करणारी औषधे २०१२ पासून आली आहेत. ती फार महाग आहेत आणि कोणते औषध चालेल, हे जनुकीय अहवालावर अवलंबून असते. तो अहवाल जपून ठेवण्याचे हे आणखी एक कारण आहे.

खर्चाचे काय? केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाच्या यादीत सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे. यादीतल्या आजारांसाठी ठरवलेल्या केंद्रांमार्फत मदत मिळू शकते. तिची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यापैकी एक केंद्र आहे. निदान पक्के झाल्यावर तिथे नाव नोंदवण्याबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला. भरती करावी लागली, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्या.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

दोष आईकडून आला का?
नाही. एक सदोष प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आल्याशिवाय हा आजार होत नाही. दोघेही फक्त वाहक असतात, दोघांनाही त्रास नसतो, म्हणून आधी कळत नाही. गरोदरपणातले खाणे, ग्रहण, नजर यांचा काही संबंध नाही. सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा.

पुढच्या मुलालाही होईल का?
आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता चारात एक असते. पहिल्याला झाला म्हणून पुढचे तीन सुटले, असे नसते. पहिल्या मुलातले दोन्ही बदल माहीत असतील, तर पुढच्या गर्भारपणात तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच गर्भाची तपासणी करता येते. म्हणून दिवस जाण्याआधी सल्ला घ्या.

मामाच्या मुलीशी लग्न झाले आहे, म्हणून झाले का?
नात्यात लग्न झाल्याने दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. पण नात्यात लग्न नसलेल्या घरांतही हा आजार होतो.

हा संसर्गजन्य आहे का?
नाही. भावंडांनी सोबत जेवावे, खेळावे. फक्त हा आजार असलेल्या दोन मुलांनी एकमेकांपासून अंतर ठेवावे, कारण त्यांच्या छातीतले जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

भावंडांना तपासावे का?
हो. लक्षणे नसली तरी एकदा घामाची चाचणी करून घ्यावी.

लसी द्याव्यात का?
सगळ्या वेळेवर द्याव्यात. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल आवर्जून विचारा.

पोटावर चटके दिल्याने फरक पडतो का?
नाही. जखम आणि जंतुसंसर्ग मात्र होतो.

शेवटी

निदानाच्या वाटेवर तुम्हाला दोन-तीन वेळा तरी "काही नाही, वाढेल हळूहळू" असे ऐकावे लागेल. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण तुमच्या मुलाच्या कार्डावरची वजनाची रेघ सहा महिने आडवी असेल, छाती पुन्हा पुन्हा भरत असेल आणि शौच तेलकट असेल, तर एवढा एक प्रश्न न संकोचता विचारा: "डॉक्टर, याची घामाची चाचणी करायला हवी का?" डॉक्टर नाही म्हणाले, तर का नाही तेही विचारा. चाचणी नॉर्मल आली, तर एक मोठी काळजी कमी होईल आणि खरे कारण शोधायला वेळ मिळेल. ती नॉर्मल आली नाही, तर तुमच्या मुलाला योग्य उपचार वेळेत मिळू लागतील.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलाची तपासणी आणि उपचार बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावेत.*